चार एप्रिलला पेपरात काहीच नव्हतं

ताई,

मी दिव्यात राहते. शीळ-डायघर भागातल्या एका शाळेत बावीस वर्षं शिकवलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. ४ एप्रिल २०१३ ला संध्याकाळी शीळ फाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली इमारत पडली आणि ७४ माणसं गेली. त्यातला एक मुलगा माझ्या शाळेतला, सहावीतला. माझा मुलगाही तेव्हा सहावीतच होता, दोघं एकाच वर्गात. दरवर्षी चार एप्रिलला सकाळी मी स्टेशनवर जाऊन तीन-चार पेपर घेते. पहिली काही वर्षं मी घेते त्या पेपरांत काहीतरी यायचं, मग नुसती चौकट, आणि यंदा एक ओळसुद्धा नाही. ती चौकट यायची त्याच पानावर एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे चार फोटो होते. न राहवून एका पेपरच्या कचेरीत फोन केला. फोनवरचा मुलगा बोलायला चांगला होता, पण म्हणाला, "मॅडम, काही कार्यक्रम आहे का? असेल तर फोटोग्राफर पाठवतो." मी फोन ठेवून दिला. रात्री घरी विषय काढला तर माझा मुलगाच चिडला. "आई, पुरे आता. जुनं उकरून काय मिळतं तुला?" ताई, माझं चुकतंय का? पेपरवाल्यांना जाब विचारावा की गप्प बसावं? गप्प बसणं जमत नसेल तर काय करावं?

– एक निवृत्त शिक्षिका, दिवा

बाई,

शाळेत तुम्हाला सगळे हेच म्हणत असणार, म्हणून मीही तेच म्हणते.

आधी फोनवरच्या त्या पोराबद्दल. तुम्हाला त्याचा राग आला. मला तो वाचताना ओळखीचा वाटला, कारण "काही कार्यक्रम आहे का?" हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा म्हटलंय. हे सदर लिहायला लागण्याआधी मी एका पेपरच्या ठाणे आवृत्तीत डेस्कवर होते. बातम्या कापायच्या, मथळे द्यायचे, पान वेळेत सोडायचं. त्यामुळे पेपरवाल्यांना जाब विचारायचा झाला तर पहिली उभी राहणार मीच. ते आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी.

ठाण्याच्या नौपाड्यात बी केबिनला 'कृष्णा निवास' नावाची तीन मजली जुनी इमारत होती. ४ ऑगस्ट २०१५ ला, लोक झोपेत असताना, मध्यरात्रीनंतर ती पडली. १२ जण गेले. त्याच्या आठवडाभर आधी ठाकुर्लीतही एक इमारत कोसळून नऊ जण गेले होते, तो पावसाळाच तसा होता. पुढच्या की त्याच्या पुढच्या वर्षी आमच्या एका वार्ताहराने चार ऑगस्टसाठी दोन परिच्छेद लिहून दिले. चांगले होते. त्या जागेवर आता काय आहे, आसपासच्या जुन्या इमारतींतली माणसं जोराच्या पावसात रात्री कशी जागी राहतात, असं काहीतरी. पान लागलं होतं. रात्री साडेदहाला जाहिरात विभागाचा फोन आला, एक शुभेच्छांची जाहिरात वाढली होती. जागा कुठून आणायची? डेस्कवरच्या माणसाचा हात अशा वेळी जिथे कुणाचा फोन येणार नाही अशा मजकुराकडे जातो. मी ते दोन परिच्छेद काढले आणि म्हटलं, "उद्या घेऊ." आता मला सांगा, चार ऑगस्टची आठवण पाच ऑगस्टला कशी घेणार? वार्ताहर काही बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने लिहूनच दिलं नाही.

कुणाचा फोन आला नाही, हेही खरं. तुम्ही फोन केलात. माझ्या वेळी कुणी केला असता तर मला बरं वाटलं असतं असं म्हणवत नाही, लाज वाटली असती. पण पुढच्या वर्षी मी ते दोन परिच्छेद मागून घेतले असते.

पेपर विसरतो म्हणजे नेमकं काय होतं ते सांगते, कारण बाहेरून ते मुद्दाम केल्यासारखं दिसतं. पेपरच्या कचेरीत एक डायरी असते. पूर्वी खरोखरची, कुठल्यातरी बँकेने नववर्षाला दिलेली जाड पुठ्ठ्याची, आता कॉम्प्युटरवर. उद्या कुठे काय आहे ते तिच्यात लिहिलेलं असतं: महासभा, मोर्चा, पत्रकार परिषद, मंत्र्यांचा दौरा, कळव्याला पाणी बंद. ती डायरी आलेल्या पत्रकांवरून आणि निमंत्रणांवरून भरते. ज्या तारखेचं पत्रक येत नाही ती तारीख तिच्यात नसते. 'दिनविशेष' नावाचं सदर असतं खरं, पण त्यात थोर माणसं जन्मतात आणि वारतात. इमारती पडत नाहीत.

शिवाय जिल्हा आवृत्तीत माणूस टिकत नाही. त्या रात्री शीळ फाट्यावर उभं राहून ढिगाऱ्यातून माणसं निघताना ज्यांनी पाहिली, त्यातलं कुणी मंत्रालयाच्या बीटवर गेलं, कुणी चॅनेलला, कुणी जनसंपर्काच्या धंद्यात. तुमच्या फोनवरचा मुलगा आवाजावरून पंचविशीचा वाटला असेल तर २०१३ मध्ये तोही सहावी-सातवीतच असणार. त्याला कुणी कधी सांगितलंच नसेल. आमच्याकडे पूर्वी कात्रणांचा विभाग होता. तिथला माणूस 'इमारत दुर्घटना – ठाणे' लिहिलेलं पाकीट दोन मिनिटांत काढून द्यायचा आणि वर विचारायचा, "चार तारीख आली ना?" तो निवृत्त झाला. जागा भरली नाही.

आणि पेपरला आकड्यांची आवड. पहिलं वर्ष, पाचवं, दहावं, पंचविसावं. अकराव्या-बाराव्या वर्षाला तिथे मान नसतो.

आता तुम्ही म्हणाल, मग बाकीच्या तारखा कशा राहतात? २००५च्या पुराची २६ जुलै राहते, कारण त्या दिवशी या पट्ट्यातल्या प्रत्येकाची स्वतःची एक गोष्ट आहे. कोण कुठे अडकलं, कुणाच्या घरी रात्र काढली. आणि ९४४ मिलिमीटर हा सांताक्रूझच्या पावसाचा आकडा पोरांनाही पाठ. २६ नोव्हेंबरला सरकारी मानवंदना असते, ती डायरीत आपोआप येते. पण यापेक्षा आपल्या जवळची उदाहरणं बघा. उरणमध्ये चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला. नव्वदहून जास्त वर्षं झाली, तरी दर पंचवीस सप्टेंबरला चिरनेरची बातमी असते. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या तेव्हा दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण गेले. जासईला दर जानेवारीत कार्यक्रम होतो. तिथे स्मारक आहे, हार आहेत, हुतात्म्यांच्या घरची माणसं पुढच्या खुर्च्यांवर आहेत, सगळ्या पक्षांचे पुढारी भाषणाला आहेत. ती तारीख गावाने धरून ठेवलीय. पेपर फक्त हजेरी लावायला जातो.

अग्निशमन दलाचंही तसंच. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजात कापसाला आग लागली आणि आतला दारूगोळा उडाला. आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. देशभरात १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. तुमच्या शाळेत किंवा सोसायटीत एप्रिलमध्ये बंब येऊन प्रात्यक्षिक झालं असेल, ते याचंच. मुलांना शिडी आणि पाण्याचा फवारा लक्षात राहतो, १९४४ राहत नाही. पण दलातल्या माणसांना राहतं.

म्हणजे त्या पोराने विचारलेला प्रश्न उद्धट नव्हता. त्याने त्याच्या धंद्याचा कायदा सांगितला. तो मला आवडत नाही, तुम्हालाही आवडणार नाही, पण तो असा आहे.

आता थोडं कडू. ठाणे आवृत्ती ज्यांच्यासाठी निघते ती माणसं नौपाड्यात, पाचपाखाडीत, घोडबंदर रोडला राहतात. जाहिरात देणारेही तिथलेच. लकी कंपाउंडमध्ये राहणारे बरेचसे मजूर, भाड्याने राहणारे, बाहेरून आलेले. जे वाचले ते पांगले. कृष्णा निवासला निदान नौपाड्याचे शेजारी होते, शिळेला तेही धड उरले नाहीत. सोसायटीचं ऑफिस नाही, सेक्रेटरी नाही, मग पत्रक कोण काढणार? त्यात ती इमारत बेकायदा. सात मजले उभे, आठव्याचं काम चालू, आणि खाली माणसं राहायला आलेली. बिल्डरांबरोबर महापालिकेचे अधिकारीही अटक झाले होते. अशा जागी स्मारक बांधायचं तर त्यावर काय लिहिणार? ती कुणाच्या डोळ्यांदेखत उभी राहिली, तिथूनच सुरुवात करावी लागेल. म्हणून सरकारी डायरीतही ही तारीख येत नाही, आणि सरकारी डायरीत नसली की आमच्याही.

खारघरचं बघा. १६ एप्रिल २०२३, आप्पासाहेब धर्माधिकारींच्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, भर उन्हात मैदानावर लाखो माणसं, उष्माघाताने १४ जण गेले. आलेले सगळे श्रद्धेने आलेले. त्यांच्या घरचं कुणी दरवर्षी रस्त्यावर येऊन विचारणार नाही. कार्यक्रम करणाऱ्यांनाही ती तारीख नको असते. दोन्ही बाजूंनी शांत असलेली तारीख पेपरातून फार लवकर जाते. त्या घटनेनंतर सरकारने सांगितलं होतं, उन्हाच्या लाटेत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम नकोत. दर एप्रिलला एखाद्या वार्ताहराने एवढंच तपासलं, या महिन्यात दुपारी कोणाच्या सभा झाल्या, तर ती खरी सोळा एप्रिलची बातमी. मेणबत्तीपेक्षा मला ती जास्त आवडेल.

हे सगळं पेपरचं झालं. तुमच्या पत्रात दुसरी एक गोष्ट आहे, ती तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात. "माझा मुलगाही तेव्हा सहावीतच होता, दोघं एकाच वर्गात." आणि खाली सहा-सात ओळींनंतर तोच मुलगा चिडतो. तुम्ही दोन्ही वाक्यं लिहिलीत, जोडली मात्र नाहीत. बाई, बावीस वर्षं तुम्ही मुलांच्या वह्या तपासल्या. विद्यार्थ्याने असं लिहिलं असतं तर लाल शाईने बाण काढला असता.

पाच एप्रिलला वर्गात काय झालं, आठवतंय? हजेरीला ते नाव घेतलं की नाही? त्याच्या बाकावर कुणाला बसवलं? तुम्ही शिक्षिका होतात, तुम्हाला धावपळ होती, इतर मुलांना सांभाळायचं होतं. तुमच्या मुलाला त्या दिवशी आई मिळाली की बाई मिळाली? मी आरोप करत नाहीये, विचारतेय. बारा वर्षांच्या पोराने जे बंद करून ठेवलं ते तुम्ही दरवर्षी स्टेशनवरून तीन-चार पेपरांत गुंडाळून घरी आणता, आणि मग त्यात काही नाही म्हणून रागावता. त्याला पेपरात काही असलेलं नको असेल आणि नसलेलंही. पेपरच्या कचेरीत दुसरा फोन करण्याआधी त्याच्याशी बोला. चार एप्रिलला मात्र नको. एखाद्या रविवारी, चहा पिताना, त्या दुर्घटनेबद्दल न विचारता त्या मुलाबद्दल विचारा. तो कसा होता. डबा काय आणायचा, कबड्डी खेळायचा की नाही. कदाचित तो उठून जाईल. जाऊ द्या. कदाचित दोन दिवसांनी स्वतःहून काही सांगेल. जुनं उकरणं आणि जुन्याबद्दल बोलणं यात काय फरक आहे, ते त्याला समजावून सांगू नका, तो लेकरू राहिलेला नाही.

माझी आजी रेवसकडची. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. गटारी अमावस्येचा दिवस, बरीच माणसं सणाला गावी निघालेली. आजीचा मामा त्यात होता. महिन्याभरात पंधरा ऑगस्ट आला आणि देशाला दुसरं काही सुचेना, ते बरोबरच होतं. आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पेपरात काय येतं न येतं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. तिला १७ जुलै माहीत नव्हता, तिला आषाढी अवस माहीत होती. दिव्याच्या अवसेला घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडायची आणि त्यातला एक उचलून पाटाबाहेर, दाराकडे तोंड करून ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "असू दे." आम्ही पोरं पुरणाच्या दिंडांकडे लक्ष ठेवून असायचो. तो दिवा कोणाचा ते मला विशी उलटल्यावर कळलं.

दिवा घरात लागतो. पेपरात छापून येतं ते वेगळं, ते महापालिकेसाठी, कोर्टासाठी, पुढच्या बिल्डरसाठी असतं. तुम्ही स्टेशनवर पेपर उघडून त्यात तुमचा विद्यार्थी शोधता. तो तिथे पहिल्या वर्षीही नव्हता. तिथे ७४ हा आकडा होता.

पण आकड्याचंही काम असतं आणि ते सोडू नये, म्हणून आता व्यवहाराचं बोलते.

जाब विचारणारं पत्र संपादकाला लिहू नका. ते वाचकांच्या पत्रव्यवहारात तीन ओळींत छापतील आणि तुमचं समाधान झालं असं समजतील. ठाणे कचेरीतल्या मुख्य वार्ताहराला लिहा, मार्चच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. चार तारखेला सकाळी फोन करणं म्हणजे निकाल लागल्यावर उत्तरपत्रिकेत पुरवणी जोडणं. पत्र एका पानाचं. त्यात "आपण विसरलात" असं कुठेही नको, एक तरी नवी गोष्ट हवी. डेस्कवरच्या माणसाला आठवण कापता येते, नवी माहिती कापताना त्याचा हात थांबतो. मी स्वतःवरून सांगते.

नवी माहिती कुठून आणायची? माहितीच्या अधिकारात. साधा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय चालतो आणि मजकूर १५० शब्दांच्या आत लागतो, त्यामुळे जेवढं मनात आहे तेवढं सगळं त्यात घालू नका. उत्तराला तीस दिवस. एप्रिलसाठी हवं असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज पडला पाहिजे. वेळेत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील करा, आणि उत्तर आलं नाही हेही पत्रात लिहा, ती बातमीच आहे.

विचारायचं काय, तर इथे थोडी काळजी घ्या. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बीला माणसं आत ठेवून दुरुस्ती, सी-३ला किरकोळ. सगळे त्या यादीबद्दल विचारतात. नौपाड्यासारख्या जुन्या वस्तीला ती ठीक आहे. पण शिळेची इमारत जुनी नव्हती, नवी होती. ती या यादीत कधी आलीच नसती. तुमचा प्रश्न वेगळा हवा: आमच्या प्रभाग समितीच्या हद्दीत गेल्या वर्षभरात अनधिकृत बांधकामांना नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली किती नोटिसा दिल्या, आणि त्यातली किती बांधकामं प्रत्यक्ष पाडली. दोन आकडे. ते शेजारी शेजारी ठेवले की वार्ताहराला मथळा आपोआप सुचतो. खटल्याचं काय झालं तेही ई-कोर्टच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतं. तुमच्या मुलाला कॉम्प्युटरचं येत असेल, पण त्याला सांगू नका, ते मी वर लिहिलंय त्या रविवारनंतर तो स्वतः म्हणाला तरच.

आणि हो, कार्यक्रम. नाक मुरडू नका. मांडव, माइक, प्रमुख पाहुणे नकोतच. तुम्ही, तुमच्या शाळेतल्या दोन-तीन बाई, त्या वर्गातली आता मोठी झालेली मुलं, जी येतील ती. संध्याकाळी शाळेच्या एखाद्या वर्गात अर्धा तास बसायचं. सगळ्यांना जागा पुरेल. मुख्याध्यापकांकडून परवानगी तेवढी लेखी घ्या. एक धोका सांगून ठेवते: बातमी फुटली की कुणीतरी फ्लेक्स लावायला येईल. त्यावर 'भावपूर्ण श्रद्धांजली' बारीक असेल आणि खाली शुभेच्छुकांचे चेहरे मोठे. ठाण्यात माणूस गेला तरी फ्लेक्सवर हसणारेच असतात. नम्रपणे नाही म्हणा, आणि नम्रपणे नाही ऐकलं तर शाळेतल्या आवाजात म्हणा.

त्याहून महत्त्वाचं, त्या मुलाच्या घरच्यांना विचारल्याशिवाय काही करू नका. तुम्हाला त्यांचा पत्ता माहीत असेल तर. कुणाला ही तारीख पाळायची असते, कुणी ती कॅलेंडरवरून फाडून टाकलेली असते. दोन्ही बरोबर. त्यांनी नको म्हटलं तर मुलाचं नाव कुठेही येऊ द्यायचं नाही. पेपरवाला हमखास विचारेल, "घरच्यांपैकी कुणी बोलेल का, नंबर मिळेल का?" नंबर देऊ नका. चॅनेलवाला आला तर अजिबात नको. आईपुढे माइक धरून "कसं वाटतंय?" विचारणारी पोरं मी पाहिलीत, त्यांचा दोष नाही, त्यांना तेवढंच शिकवलंय.

एक काम मात्र आजपासून करा. पाच एप्रिल २०१३ आणि त्यानंतरच्या आठवड्याची कात्रणं गोळा करा, मग एक फाइल करा. तुमच्याकडे काही असतील. नसतील तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेत जाऊन विचारा, १८९३ पासून ती ठाण्याचा कागद सांभाळत आलीय. फाइलवर इमारतीचं नाव आणि तारीख लिहा. आमच्या कात्रणवाल्याची जागा कुणीतरी भरायला हवी होती, तुम्ही भरा. पुढच्या वेळी तो पंचविशीतला पोरगा "काही कार्यक्रम आहे का" म्हणाला की त्याला म्हणा, कार्यक्रम आहे आणि माझ्याकडे एक फाइल पण आहे, ये बघायला. मला तरी वाटतं तो येईल. मला असा फोन आला असता तर मी गेले असते.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून झाला की मला पाठवा. १५० शब्दांत बसत नसेल तर मी कापून देईन. कापायचं काम अजून येतं मला.